दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे: क्रम चुकला की शब्द सुटतात

सात-आठ इंग्रजी अक्षरं दिली आणि यातून होतील तेवढे शब्द काढा म्हटलं की बहुतेक जण अक्षरांकडे टक लावून बघत बसतात, पहिले दहा-बारा शब्द पटापट येतात आणि मग गाडी अडते ती अडतेच. आपला शब्दसाठा कमी पडला असं वाटतं पण तसं नसतं, कारण नंतर उत्तरं बघितली की "अरे हा तर मला माहीत होता" हेच निघतं तोंडातून. माहीत असलेला शब्द सुटतो तो शोधायच्या पद्धतीमुळे. आणि चुका पण सगळ्यांच्या त्याच त्याच असतात: नियम नीट न वाचता सुरू करणं, एकदाच दिलेलं अक्षर दोनदा वापरणं, आणि डोळ्याऐवजी कानाने शब्द शोधणं.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय. आठ अक्षरं: ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी. मी इथे अक्षरांची नावं लिहितोय, तुम्ही कागदावर इंग्रजी कॅपिटलमधेच लिहा. वाचता वाचता सोबत करून बघितलंत तरच याचा उपयोग आहे, नुसतं वाचून हात बसत नाही.

## सुरू करायच्या आधीची तयारी

कागद, पेन्सिल आणि अक्षरं लिहिलेल्या छोट्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांचा कंटाळा करू नका. वापरलेली चिठ्ठी हाताने बाजूला सरकवली की तेच अक्षर परत वापरायची चूक होतच नाही, डोक्यात ठेवून केलं की हमखास होते.

कागदावर उभे रकाने पाडा, तीन अक्षरी, चार अक्षरी, पाच अक्षरी असे, आणि सापडलेला शब्द त्या त्या रकान्यात टाका. एकाच लांब यादीत सगळे शब्द लिहिले तर तोच शब्द तीनदा लिहिला जातो आणि कुठल्या लांबीचे शब्द कमी पडलेत ते कळत नाही.

डिक्शनरी कुठली चालणार ते आधीच ठरवा. चौघांत खेळताना सगळ्यात जास्त वाद यावरूनच होतात. स्क्रॅबल या सोंगट्यांनी शब्द जुळवायच्या खेळात अमेरिका-कॅनडात एक शब्दयादी चालते आणि बाकी जगात बहुतेक ठिकाणी कॉलिन्स डिक्शनरीवाल्यांची, दोन्हीत फरक आहे. विशेषनामं साधारणपणे कुठेच चालत नाहीत. कमीत कमी किती अक्षरांचा शब्द धरायचा हे पण आत्ताच ठरवून टाका.

## पायरी १: नियम तीनपैकी कुठला आहे ते ओळखा

"या अक्षरांचे शब्द" याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात आणि निम्मी गडबड इथेच होते.

पहिला प्रकार म्हणजे अॅनाग्रॅम, सगळीच्या सगळी अक्षरं वापरायची, जितक्यांदा दिली तितक्यांदाच, एकही शिल्लक नको. ओ, पी, एस, टी या चार अक्षरांचे पोस्ट, स्पॉट, स्टॉप, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स असे सहा साधे शब्द होतात, ते या प्रकारातले.

दुसरा प्रकार, दिलेल्यातली हवी ती अक्षरं घ्यायची, उरली तर उरली, पण प्रत्येक अक्षर दिलंय तितक्यांदाच. स्क्रॅबलच्या सात सोंगट्या हातात असतात तेव्हा हाच हिशोब असतो.

तिसरा प्रकार, अक्षरं ठरलेली पण तीच कितीही वेळा वापरा. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या कोड्यात असं असतं, सात अक्षरं, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे आणि शब्द निदान चार अक्षरी हवा.

फरक किती पडतो बघा. आपल्या आठातून एल काढलं तर ए, ई, जी, आय, एन, आर, टी ही सात राहतात. पहिल्या प्रकाराने यातून ग्रॅनाइट, इनग्रेट, टेअरिंग असे सात अक्षरी शब्द मिळतात. पण तिसऱ्या प्रकारात याच सातातून जनरेटिंग, इंटिग्रेटिंग, रीइटरेटिंग आणि एंटरटेनिंग एवढे लांबलचक शब्द निघतात, आणि प्रत्येकात सातही अक्षरं येतात. दुसरा प्रकार समजून खेळणाऱ्याला हे शब्द दिसणारच नाहीत, आणि उलट तिसरा समजून दुसरा खेळणाऱ्याची अर्धी यादी बाद होईल.

तपासा: कागदाच्या वर कोपऱ्यात लिहून ठेवा, "सगळी वापरायची", "उरली तरी चालतील" किंवा "परत परत चालतील". यापैकी एकच.

पुढच्या पायऱ्या पहिल्या दोन प्रकारांना धरून आहेत, तिसऱ्यासाठी काय बदलायचं ते शेवटाकडे आहे.

## पायरी २: अक्षरं मोडून नव्याने मांडा

कोड्यात अक्षरं ज्या क्रमाने दिलीत त्या क्रमात कधीच शोधू नका. कोडं बनवणाऱ्याने बरेचदा मुद्दाम असा क्रम दिलेला असतो की त्यात खोटेच तुकडे दिसत राहतात, आणि एकदा डोळ्याला तो तुकडा दिसला की सुटत नाही.

आधी सगळी अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावून एका ओळीत लिहा. आपली ओळ: ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी. ही ओळ शेवटी तपासणीला लागणार आहे, पुसू नका. मग त्याखाली स्वर वेगळे आणि व्यंजनं वेगळी. आपल्याकडे स्वर तीन, ए, ई, आय, आणि व्यंजनं पाच. त्यानंतर चिठ्ठ्या गोलात मांडा, ओळीत नको. ओळीत मांडल्या की डोळा डावीकडून उजवीकडे वाचत सुटतो, गोलात कुठूनही सुरुवात करता येते.

कुठलं अक्षर दोनदा आलंय का ते बघून त्यावर टिंब द्या. आपल्याकडे प्रत्येक एकदाच आहे आणि हीच गोष्ट पुढे सारखी लक्षात ठेवावी लागणार.

थांबा: मनातल्या मनात अक्षरं ढवळत बसू नका. आठ वेगवेगळी अक्षरं एका ओळीत ४०,३२० प्रकारे लागतात. सेकंदाला एक या वेगाने बघितली तरी अकरा तासांच्या वर जातील. मोबाईलवरच्या खेळात शफलचं बटण असतं ते सारखं दाबत बसणं म्हणजे पण हेच.

## पायरी ३: शेवटाचे तुकडे आधी बाजूला काढा

माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची पायरी ही आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात कारण आपल्याला शब्द सुरुवातीपासून आठवायची सवय असते. इंग्रजी लांब शब्दांचे शेवट ठरावीक असतात. ते शेवट तुमच्या अक्षरांत बसतात का बघायचं, बसले तर त्या चिठ्ठ्या उजवीकडे सरकवायच्या आणि उरलेल्या अक्षरांवर काम करायचं. आठाचं कोडं पाचाचं होतं, आणि पाच अक्षरं फक्त १२० प्रकारे लागतात.

आपल्याकडे आय-एन-जी आहे. ते उजवीकडे ठेवा. उरले ए, ई, एल, आर, टी. या पाचातून अलर्ट, ऑल्टर, लेटर (एल-ए-टी-ई-आर) हे शब्द लगेच दिसतात. त्यातले जे क्रियापद म्हणून चालतात त्यांना शेपूट लावा: अलर्टिंग, ऑल्टरिंग. लेटरला ते शेपूट लागत नाही, तो पाच अक्षरी रकान्यात जाईल.

आता इथे बारकावा आहे. रिलेट या शब्दाचं स्पेलिंग आर-ई-एल-ए-टी-ई, म्हणजे ई दोनदा, आपल्याकडे ई एकदाच, म्हणून माणूस तो शब्द सोडून देतो. पण आय-एन-जी लावताना शेवटचा ई पडतो, म्हणजे रिलेटिंग होताना एकच ई उरतो आणि आठही अक्षरं बरोब्बर बसतात. म्हणून शेपूट लावायच्या आधी मूळ शब्द बाद करायचा नाही, शेपूट लावून झाल्यावरच मोजायचं.

याच्या उलट पण होतं. छोट्या, एकच स्वर आणि त्यामागे एकच व्यंजन असलेल्या क्रियापदांत आय-एन-जी लावताना शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा दुप्पट होतं. लेट (एल-ई-टी) चं लेटिंग करताना टी दोनदा लागतो, आपल्याकडे एकच. म्हणजे मूळ शब्द बसतो पण शेपटीवाला बसत नाही.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: आय-एन-जी मधे एक आय आणि एक एन आधीच खर्च झालाय हे विसरणं. ट्रेल (टी-आर-ए-आय-एल) दिसला की ट्रेलिंग लिहून मोकळं व्हायचं. त्यात आय दोनदा येतो. ट्रेनिंगमधे आय पण दोनदा आणि एन पण. लर्निंगमधे एन दोनदा. हे तीन शब्द या अक्षरांत जवळजवळ प्रत्येक जण लिहितो आणि तिन्ही चूक आहेत. चिठ्ठ्या खरोखर सरकवल्या असत्या तर हे झालं नसतं.

आय-एन-जी संपलं की चिठ्ठ्या परत आणा आणि पुढचा शेवट घ्या. एल-ई घेतला तर टँगल, टिंगल (झिणझिण्या येणं या अर्थाचा), अँगल आणि पूर्ण आठ अक्षरी ट्रायँगल. ए-एल घेतला तर रीगल, रेटिनल आणि परत आठ अक्षरी इंटिग्रल. ई-आर घेतला तर टायगर, अँगर, लागर, लिंगर. आय-एन-ई ने लॅट्रिन, ए-एन-टी ने रिलायंट आणि जायंट. म्हणजे आत्तापर्यंत आठही अक्षरांचे पाच शब्द झाले, अलर्टिंग, ऑल्टरिंग, रिलेटिंग, ट्रायँगल, इंटिग्रल, आणि पाचही शब्द शेवटाकडून आले.

तुमच्या अक्षरांत एस असेल तर तो शेवटी लावून अनेकवचनं करा पण तिथेच थांबू नका, एस सुरुवातीला पण भरपूर येतो, एस-टी, एस-पी, एस-टी-आर वगैरे. डी आणि ई असतील तर भूतकाळाचं ई-डी, वाय असेल तर एल-वाय आणि आय-टी-वाय, ओ आणि एन असतील तर आय-ओ-एन बघायलाच हवं.

तपासा: प्रत्येक शेवट झाल्यावर चिठ्ठ्या मोजून परत गोलात ठेवा. एखादी उजवीकडेच राहिली की पुढचे सगळे शब्द एका अक्षराविना शोधले जातात आणि लवकर लक्षात पण येत नाही.

## पायरी ४: सुरुवातीच्या जोड्या, आणि अवघड अक्षर असेल तर ते सगळ्यात आधी

आता सुरुवात बघा. व्यंजनांच्या ओळीवरून जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला विचारा की तू शब्दाच्या सुरुवातीला येतेस का. टी-आर येते, जी-आर येते, जी-एल येते. एन-जी किंवा एन-टी इंग्रजीत सुरुवातीला येत नाहीत, त्या शेवटाच्या जोड्या. म्हणजे टी-आर घेऊन ट्रेन, ट्रेल, ट्रायल, ट्रिआज, जी-आर घेऊन ग्रेन, ग्रँट, ग्रेट, जी-एल घेऊन ग्लेअर, ग्लीन.

आर आणि ई दोन्ही हातात असले तर ती जोडी पुढे पण लावून बघायची आणि मागे पण. पुढे लावली की रिअलाइन, मागे उलटी लावली की अलाइनर. दोन्ही शब्दांची सातही अक्षरं तीच. रिगेन आणि गेनर हे पण तसंच. एक सापडला की दुसरा फुकट मिळतो पण तो मागायला लागतो.

आपल्या उदाहरणात सगळी सोपी अक्षरं आहेत. तुमच्या संचात क्यू, जे, एक्स, झेड, व्ही, के यातलं काही असेल तर मात्र तिथूनच सुरू करा, कारण त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्यामुळे शोध छोटा होतो. क्यूच्या मागोमाग बहुतेक वेळा यू लागतोच, अपवाद मोजके आहेत, स्क्रॅबलवाल्यांचा लाडका क्यू-आय हा त्यातलाच. व्ही इंग्रजी शब्दाच्या शेवटी क्वचितच येतो, त्याच्या मागे ई चिकटलेला असतो. जे तर शेवटी जवळजवळ नसतोच. एक्स बऱ्याचदा ई-एक्स म्हणून सुरुवातीला किंवा मग शब्दाच्या शेवटी सापडतो. एच दिसला की त्याचा जोडीदार शोधा: सी, एस, टी, जी, पी, डब्ल्यू.

## पायरी ५: एक एक अक्षर वगळत जा

हे "उरली तरी चालतील" या नियमासाठी. आठ अक्षरांतून सात अक्षरी शब्द काढायचे म्हणजे प्रत्येक वेळी एकच अक्षर बाहेर राहणार, म्हणजे फक्त आठ शक्यता. सात अक्षरी शब्द अवघड म्हणून लोक सोडून देतात पण नीट बघितलं तर हे काम आठ वेळा एक चिठ्ठी उलटी ठेवण्याइतकंच आहे.

जी उलटा ठेवा: लॅट्रिन, रिलायंट, रेटिनल. एल उलटा: ग्रॅनाइट, इनग्रेट, टेअरिंग. आर उलटा: जिलेटिन. टी उलटा: रिअलाइन, अलाइनर. ए उलटा: रिंगलेट. ई किंवा एन उलटा ठेवला तर रोजच्या वापरातलं काही निघत नाही, तिथे वेळ घालवू नका. आय उलटा ठेवल्यावर टँगलर निघतो पण तो तुमच्या डिक्शनरीत आहे का बघून घ्या.

सहा अक्षरी शब्दांना ही युक्ती लावायला जाऊ नका. आठातून सहा निवडायचे २८ प्रकार आहेत, पाच निवडायचे ५६, दमून जाल. तिथे उलटं करायचं, छोट्या शब्दाला एक एक अक्षर जोडत वर चढायचं. इअर (ई-ए-आर) घ्या, मागे एन लावा, अर्न झाला, पुढे एल लावा, लर्न झाला. एट (ए-टी-ई) ला पुढे एल लावला की लेट, त्यालाच मागे आर लावला की लेटर. रेन (आर-ए-आय-एन) ला पुढे टी लावा, ट्रेन. जी लावा, ग्रेन. लीनला जी लावला की ग्लीन, अँगलला टी लावला की टँगल. अक्षर पुढे जोडून बघा, मागे जोडून बघा आणि मधे घुसवून पण बघा, मधे घुसवायचं सगळेच विसरतात.

आणि पाच अक्षरी शब्द मिळाला की तिथल्या तिथे त्याचीच अक्षरं फिरवून घ्या. अँगल मिळाला की एंजल आणि ग्लीन त्याच पाचांत आहेत. लार्ज मिळाला की रीगल, लागर, ग्लेअर. ट्रेल मिळाला की ट्रायल. हे नंतर करू म्हटलं की राहून जातं.

थांबा: लिटर या शब्दाची एल-आय-टी-आर-ई आणि एल-आय-टी-ई-आर अशी दोन स्पेलिंगं आहेत, एक ब्रिटिश एक अमेरिकन, आणि दोन्ही याच पाच अक्षरांची. तुमची डिक्शनरी दोन्ही धरत असेल तर हे दोन शब्द आहेत, एक नाही.

## पायरी ६: कानाने सापडलेला शब्द डोळ्याने परत शोधा

देवनागरीत आपण जवळपास जसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे शब्द शोधतानाही आपण आवाज शोधतो. इंग्रजीत हे चालत नाही. एकाच आवाजाची दोन-तीन स्पेलिंगं असतात आणि एक लिहिलं की मेंदू म्हणतो झालं, पुढे चला.

रेन घ्या. पावसाचा रेन आर-ए-आय-एन. घोड्याच्या लगामाचा रेन आर-ई-आय-एन. राजाच्या कारकिर्दीचा रेन आर-ई-आय-जी-एन. तिन्हींचा आवाज तोच आणि तिन्ही आपल्या आठ अक्षरांत बसतात. बहुतेकांच्या यादीत फक्त पाऊस असतो.

तसंच टेल दोन, गोष्टीचा टी-ए-एल-ई आणि शेपटीचा टी-ए-आय-एल. गेट दोन, फाटकाचा जी-ए-टी-ई आणि चालण्याच्या ढबीचा जी-ए-आय-टी. लेन दोन, ग्रेट दोन (थोर आणि किसणं), टिअर दोन (डोळ्यातला टी-ई-ए-आर आणि पातळी या अर्थाचा टी-आय-ई-आर). म्हणून यादी झाली की एकदा ती मोठ्याने वाचा आणि प्रत्येक शब्दाला विचारा, याचं दुसरं स्पेलिंग आहे का आणि ते माझ्या अक्षरांत बसतं का. पाच मिनिटांत बरेच शब्द वाढतात.

न उच्चारली जाणारी अक्षरं पण इथेच पकडायची. जीच्या मागोमाग एन आला की जी बऱ्याचदा मुका असतो: नॅट (जी-एन-ए-टी), नार्ल (जी-एन-ए-आर-एल), अलाइन (ए-एल-आय-जी-एन). तुमच्या संचात के-एन, डब्ल्यू-आर, एम-बी किंवा जी-एच-टी असेल तर तिथे मुक्या अक्षरांचे शब्द दडलेत असं समजूनच चाला.

## पायरी ७: प्रत्येक शब्द अक्षर खोडून तपासा

दोन तपासण्या, आणि दोन्ही कराच.

सगळी अक्षरं वापरलेल्या शब्दासाठी: त्या शब्दाची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावा आणि पायरी २ मधल्या ओळीशी जुळवा. तंतोतंत जुळली तर बरोबर. ट्रायँगल लावला तरी ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी, इंटिग्रल लावला तरी तेच.

छोट्या शब्दासाठी: ती ओळ समोर ठेवून शब्दातलं एक एक अक्षर त्यात खोडत जा. खोडायला अक्षर मिळालं नाही की शब्द बाद. इग्नाइट (आय-जी-एन-आय-टी-ई) खोडायला घ्या, पहिला आय खोडला, जी, एन खोडले, दुसरा आय शोधायला गेलात तर नाही. बाद. एनलार्जमधे ई दोनदा, इंटिजरमधे ई दोनदा, दोन्ही बाद. दोनदा येणारा स्वर नजरेतून सगळ्यात जास्त निसटतो, व्यंजनाची जोडी निदान दिसते तरी.

अर्थ माहीत नसलेला पण "असेल असं वाटतंय" असा शब्द वेगळ्या रकान्यात ठेवा आणि डिक्शनरीत बघितल्याशिवाय मुख्य यादीत आणू नका.

तपासा: आता रकाने बघा. चार अक्षरी तीस आणि पाच अक्षरी पाचच असं काही दिसत असेल तर पाचाचा शोध अर्धवट झालाय, पायरी ५ मधली चढण त्या रकान्यासाठी परत करा.

## पायरी ८: अक्षरं परत परत चालत असतील तर काय बदलायचं

चिठ्ठ्या इथे उपयोगाच्या नाहीत, त्या बाजूला ठेवा. खोडून तपासायचं पण नाही, फक्त बाहेरचं अक्षर आलंय का एवढं बघायचं, आणि मधलं अक्षर सक्तीचं असेल तर ते आलंय का.

पायरी ३ मात्र दुप्पट कामाची होते. दुसऱ्या प्रकारात बाद झालेले ट्रेनिंग, लर्निंग, लेटिंग, इग्नाइट, इंटिजर सगळे आता परत येतात. डबल अक्षरांचे शब्द मुद्दाम शोधा: टी-टी, एल-एल, ई-ई, एन-एन. सवयीने आपण अक्षर एकदाच वापरतो आणि इथे ती सवयच नडते. इंजिनिअरिंग हा अकरा अक्षरी शब्द फक्त ई, एन, जी, आय, आर या पाच अक्षरांचा आहे, आणि तो सुचायला आधी "परत वापरू शकतो" हे डोक्यात बसायला लागतं.

## पायरी ९: कॉम्प्युटरकडून उत्तरं काढायची असतील तर

आधी हाताने करा, मग यादी काढा आणि सुटलेल्या प्रत्येक शब्दापुढे तो का सुटला ते लिहा: शेवट बघितला नाही, मुकं अक्षर, दुसरं स्पेलिंग, की खरंच माहीत नव्हता. सुधारायचं असेल तर तयार सॉल्व्हर नुसता उघडून बघण्यापेक्षा हे लिहिणं जास्त कामाचं आहे.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतः प्रोग्राम लिहिणार असाल तर तीन प्रकारांना तीन वेगळ्या पद्धती लागतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक शब्दाची अक्षरं सॉर्ट करून ती पायथॉनमधल्या डिक्शनरीची (डिक्ट, शब्दकोश नव्हे) की, म्हणजे शोधायची खूण, करायची आणि एका कीखाली त्या अक्षरांचे सगळे शब्द जमा करायचे. सॉर्ट केल्यावर अक्षरांची लिस्ट मिळते, ती जोडून स्ट्रिंग करा, लिस्ट तशीच की म्हणून चालत नाही, एरर येते. दुसऱ्या प्रकारात अक्षरं मोजायची, शब्दातलं प्रत्येक अक्षर दिलेल्या संख्येपेक्षा जास्त नको. तिसऱ्यात सेट वापरा.

सेटची चूक फार होते. सेट एकसारखी अक्षरं एकच धरतो, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात सेट वापरला की ट्रेलिंग, एनलार्ज, इग्नाइट सगळे बरोबर म्हणून यादीत येतात आणि एरर काहीच येत नाही. प्रोग्राम चालला म्हणजे उत्तर बरोबर असं समजू नका.

शब्दांच्या फाइलमधे कॅपिटल-स्मॉल सरमिसळ असते, मधे अॅपॉस्ट्रॉफी आणि हायफन असतात, विशेषनामं असतात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं नवीन ओळीचं चिन्ह असतं. ते स्ट्रिपने काढलं नाही तर ते पण एक अक्षर म्हणून मोजलं जातं आणि काहीच जुळत नाही. म्हणून आधी आपल्या आठ अक्षरांवर पहिल्या प्रकाराने चालवून बघा. अलर्टिंग, ऑल्टरिंग, इंटिग्रल, रिलेटिंग, ट्रायँगल हे पाच आले पाहिजेत. एकही आला नाही तर आधी ओळीच्या शेवटाचं चिन्ह बघा. पाचातले दोन-तीनच आले तर शब्दांची फाइल तोकडी आहे, बऱ्याच छोट्या फायलींत आय-एन-जी वाली रूपं दिलेलीच नसतात, मोठी फाइल घ्या.